मक्याचं कुठलं जनुक कुठल्या गुणसूत्रावर? एका जादा गुणसूत्राने हे कोडं कसं सुटलं?

दसरा-दिवाळीच्या सुमारास देवळा तालुक्यात कुठेही चक्कर मारा. लोहोणेर असो, मेशी असो की उमराणे, अंगणात, खळ्यावर, मिळेल त्या मोकळ्या जागेत मका वाळत पडलेला दिसतो. कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या भागात, खरिपाचा मका काढायचा आणि त्याच रानात उन्हाळ कांदा लावायचा, हे गणित आता अनेकांचं पक्कं बसलंय.

या मक्याबद्दल इथल्या शेतकऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. संकरित मक्याचं बी घरी धरायचं नाही. धरलं आणि पुढच्या वर्षी पेरलं, तर एक ताट डोक्याच्या वर जातं, शेजारचं कमरेएवढंच राहतं, एक कणीस टोकापर्यंत भरतं आणि दुसरं अर्ध्यातच संपतं. म्हणून दर जूनमध्ये नवी पिशवी, नवा खर्च.

पहिल्या पिढीत एकसारखे दिसणारे गुण दुसऱ्या पिढीत असे का फुटतात? कारण प्रत्येक गुणामागचं जनुक जोडीने असतं आणि पुढच्या पिढीत जाताना ती जोडी फुटते. ही फूट अगदी ठरलेल्या प्रमाणात होते. मग शंभर वर्षांपूर्वी काही संशोधकांना प्रश्न पडला की हे प्रमाण मुद्दाम बिघडवलं तर? बिघडलेल्या आकड्यावरून जनुकाचा पत्ता सापडेल का?

तो सापडला. त्यासाठी त्यांनी वापरली ट्रायसोमिक झाडं, म्हणजे ज्यांच्या पेशीत एक गुणसूत्र जास्तीचं आहे अशी मक्याची झाडं. आता हे नेमकं कसं झालं, ते पाहू.

आधी थोडी उजळणी

मक्याच्या प्रत्येक पेशीत २० गुणसूत्रं असतात. १० जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक परागकणातून, म्हणजे बापाकडून आलेलं, आणि दुसरं अंडपेशीतून, म्हणजे आईकडून. पुढे या झाडाचे परागकण किंवा अंडपेशी तयार होतात तेव्हा प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र पुढे जातं. म्हणून परागकणात १० असतात, अंडपेशीत १० असतात आणि दोघं मिळून पुन्हा २० होतात.

जनुकं या गुणसूत्रांवर ओळीने बसलेली असतात. मक्यात अशी ३२ हजारांहून जास्त जनुकं आहेत, हे २००९ मध्ये मक्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा कळलं. पण आपली गोष्ट त्याच्या ऐंशी वर्षं आधीची आहे. तेव्हा डीएनएची रचनाही माहीत नव्हती.

मग तेव्हा काम कसं चालायचं? दाणे मोजून.

मका हे पीक जनुकशास्त्रज्ञांना एवढं का आवडलं, याचं उत्तर कणसातच आहे. कणसाच्या टोकाला जे केस लोंबतात, त्यातला एकेक केस एकेका होणाऱ्या दाण्याला जोडलेला असतो. तुऱ्यावरून पडलेला परागकण त्या केसावर चिकटतो, केसाच्या आतून नळी वाढवत खाली जातो आणि तिथे एक दाणा धरतो. म्हणजे कणसावरचा प्रत्येक दाणा हे स्वतंत्र लेकरू आहे. आई एकच, पण परागकण प्रत्येकाचा वेगळा. चारशे-पाचशे भावंडं एकाच कणसावर ओळीने बसलेली! रंग, सुरकुत्या असे काही गुण तर दाण्यावरच दिसतात, पुढच्या हंगामापर्यंत थांबायचीही गरज नाही. माशा, उंदीर पाळून हेच आकडे गोळा करायला किती खटाटोप करावा लागतो, ते त्यांनाच विचारा.

एक उदाहरण घेऊ, तेच शेवटपर्यंत वापरू. साध्या मक्याचा दाणा वाळला की गुळगुळीत राहतो. जुन्या प्रकारच्या स्वीटकॉर्नचा दाणा वाळला की आक्रसतो, त्याला सुरकुत्या पडतात. कारण त्यातल्या साखरेचं नेहमीसारखं स्टार्च होत नाही. हा फरक एका जनुकाचा आहे. गुळगुळीत रूपाला आपण ‘ग’ म्हणू आणि सुरकुतीच्या रूपाला ‘स’. ‘ग’ प्रभावी आहे, म्हणजे जोडीत एक जरी ‘ग’ असला तरी दाणा गुळगुळीत. सुरकुती पडायला दोन्ही ‘स’ लागतात.

‘ग-स’ जोडी असलेल्या झाडाचे परागकण ‘स-स’ झाडाच्या कणसावर टाकले, तर काय होईल? निम्म्या परागकणांत ‘ग’, निम्म्यांत ‘स’. कणसावर निम्मे दाणे गुळगुळीत, निम्मे सुरकुतलेले. ४०० दाण्यांचं कणीस असेल तर साधारण २०० आणि २००. शाळेत जे चाचणी संकर म्हणून शिकवतात, ते हेच.

हे १:१ प्रमाण लक्षात ठेवा. पुढे तेच बिघडणार आहे.

दोन याद्या, पण जुळत नव्हत्या

१९२० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात रोलिन्स इमर्सन यांच्याभोवती मक्यावर काम करणाऱ्यांचा एक गट जमला होता. त्यांच्याकडे शेतातून आलेली एक यादी होती. काही गुण पिढ्यान् पिढ्या एकमेकांना धरून पुढे जातात, असं संकरांतून दिसत होतं. ते एकाच गुणसूत्रावर असणार, हा अंदाज. अशा एकत्र जाणाऱ्या जनुकांच्या गटांना ‘सहलग्न गट’ म्हणतात.

दुसरी यादी सूक्ष्मदर्शकातून येत होती. तिथे खरी गुणसूत्रं दिसत होती, लांब, आखूड, गाठी असलेली.

अडचण अशी की पहिल्या यादीतला कुठला गट दुसऱ्या यादीतल्या कुठल्या गुणसूत्रावर आहे, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. रेशनकार्डावरून कोण कोण एका घरात राहतं ते कळावं, गावातली घरंही समोर दिसावीत, पण कुठलं कार्ड कुठल्या घराचं हेच कळू नये, तसं काहीसं.

ही गाठ मारण्यात सर्वात मोठा वाटा होता बार्बरा मॅक्लिंटॉक यांचा. जन्म १९०२ चा, १९२७ मध्ये कॉर्नेलमधून वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट. पुढे १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते ‘उड्या मारणाऱ्या’ जनुकांसाठी, त्यामुळे त्यांच्याविषयीच्या बहुतेक लेखांत तीच गोष्ट असते. पण त्याआधीचं हे काम माझ्या मते तितकंच भारी आहे आणि समजायला सोपंही.

त्यांनी आधी गुणसूत्रं ओळखायची कशी ते बसवलं. तुरा बाहेर पडण्याआधी त्यातल्या कोवळ्या परागकोशातल्या पेशी काढायच्या, कार्माइन या लाल रंगात बुडवून काचेवर दाबायच्या आणि पाहायच्या. (हा रंग एका किड्यापासून मिळतो.) १९२९ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की मक्याची दहाही गुणसूत्रं लांबी आणि ठेवण यांवरून वेगवेगळी ओळखता येतात. सर्वात लांब त्याला क्रमांक १, सर्वात आखूड त्याला क्रमांक १०. हेच क्रमांक आजही चालतात.

जादा गुणसूत्राचं झाड आणायचं कुठून?

बाजारात मिळत नाही, हे उघड आहे. सुरुवात झाली एका वेगळ्याच झाडापासून. मक्याच्या बहुगुणित झाडांवर एल. एफ. रँडॉल्फ आणि मॅक्लिंटॉक यांचा एक छोटा लेख १९२६ मध्ये आला. नंतर मॅक्लिंटॉक यांनी ‘त्रिगुणित’ मक्याचा सविस्तर अभ्यास केला, तो १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्रिगुणित म्हणजे प्रत्येक गुणसूत्र दोनऐवजी तीन. एकूण ३०.

असं झाड अंडपेशी बनवायला लागलं की घोळ होतो. जोडी असेल तर एक इकडे, एक तिकडे जातं. तीन असतील तर? एक इकडे, दोन तिकडे. आणि हे दहाही तिकड्यांमध्ये वेगवेगळं घडतं. त्यामुळे अंडपेशीत १० ते २० यांच्यामधली कितीही गुणसूत्रं येऊ शकतात. या त्रिगुणित झाडाचा साध्या मक्याशी संकर केला की पुढच्या पिढीत कुणात २१, कुणात २२, कुणात त्याहून जास्त अशी झाडं मिळतात.

त्यातली २१ वाली वेगळी काढायची. हीच ट्रायसोमिक झाडं. एखाद्यात क्रमांक ४ चं गुणसूत्र तिसऱ्यांदा आलेलं असतं, एखाद्यात क्रमांक १० चं. दहा गुणसूत्रं म्हणजे दहा प्रकार. मक्यात नुसतं बाहेरून पाहून हे प्रकार ओळखणं अवघड जातं, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाला पर्याय नाही. ट्रायसोमिक झाडात तिथे दहा जोड्यांऐवजी नऊ जोड्या आणि एक तिकडी दिसते. ती तिकडी कोणाची, हे लांबीवरून आणि ठेवणीवरून ठरतं.

(माणसातही असं होतं. २१ व्या क्रमांकाचं गुणसूत्र दोनऐवजी तीन असणं हे डाउन सिंड्रोमचं कारण आहे, हे १९५९ मध्ये जेरोम लेजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं. मक्यात हे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं.)

आता खरी गंमत: हिशेब बिघडतो कसा?

समजा आपल्याला शोधायचंय की सुरकुतीचं जनुक कुठल्या गुणसूत्रावर आहे. आपल्याकडे क्रमांक ४ चं ट्रायसोमिक झाड आहे, दाणे गुळगुळीत. त्याच्या कणसावर सुरकुतलेल्या स्वीटकॉर्नचे परागकण टाकले.

आलेली लेकरं दोन प्रकारची असतील. काहींना आईकडून क्रमांक ४ चं एकच गुणसूत्र मिळालं, ती साधी ‘ग-स’. काहींना आईकडून दोन मिळाली, बापाकडून एक. ती ‘ग-ग-स’. ही दुसरी झाडं निम्म्यापेक्षा कमीच निघतात, कारण जादाचं गुणसूत्र विभाजनाच्या वेळी बरेचदा मागे राहून हरवतं.

आता या ‘ग-ग-स’ झाडाचा परागकण पाहा. तीन गुणसूत्रांपैकी एक एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला. एकट्याने जाणारं गुणसूत्र तिघांपैकी कुठलंही असू शकतं. पहिला ‘ग’, दुसरा ‘ग’ किंवा ‘स’. म्हणजे एक गुणसूत्रवाल्या परागकणांमध्ये दोन वाटे ‘ग’ आणि एक वाटा ‘स’.

आणि दोन गुणसूत्रं घेऊन गेलेले परागकण? ते बहुतेक शर्यतीतच हरतात. केसाच्या आतून नळी वाढवत जाण्यात साधे परागकण त्यांच्या पुढे निघून जातात, त्यामुळे दाणा धरण्याची संधी त्यांना क्वचितच मिळते. संशोधकांच्या दृष्टीने ही सोयच, हिशेब स्वच्छ राहतो.

हे परागकण ‘स-स’ कणसावर टाकले की दाणे येतात २:१ प्रमाणात. ४०० दाण्यांत साधारण २६७ गुळगुळीत, १३३ सुरकुतलेले.

आता उलट समजा. सुरकुतीचं जनुक क्रमांक ४ वर नसून दुसऱ्याच कुठल्या गुणसूत्रावर असतं तर? तर त्या जनुकाच्या दृष्टीने झाड साधंच राहिलं असतं, जोडी जोडीच. मग दाणे आले असते २०० आणि २००.

बस्स, एवढीच युक्ती आहे. दहा प्रकारची ट्रायसोमिक झाडं घ्या, प्रत्येकाशी हाच संकर करा आणि दाणे मोजत बसा. नऊ ठिकाणी १:१ येईल. ज्या एका ठिकाणी २:१ येईल, जनुक त्या गुणसूत्रावर. आपल्या उदाहरणात ते येतं क्रमांक ४ वर, आणि स्वीटकॉर्नचं हे जनुक खरोखरच मक्याच्या चौथ्या गुणसूत्रावर आहे.

पण हा फरक नशिबाने आला नाही कशावरून? नाणं ४०० वेळा उडवलं तर छापा बरोबर २०० वेळा पडत नाही. तरी तो बहुतेक वेळा १८० ते २२० च्या मध्येच राहतो. २६७ वेळा पडला तर नाण्यातच काहीतरी आहे, असं कोणीही म्हणेल. आणि मक्याच्या बाबतीत पडताळा शेजारीच उभा असतो. त्याच कणसातून उगवलेली, जादा गुणसूत्र न मिळालेली साधी ‘ग-स’ भावंडं त्याच ओळीत असतात. त्यांचे परागकण वापरले की १:१ यायलाच हवं.

ट्रायसोमिक झाड आई म्हणून वापरलं तर आकडे वेगळे येतात. अंडपेशीला शर्यत लावायची नसते, त्यामुळे दोन गुणसूत्रं असलेल्या अंडपेशीही दाणा धरतात. सहा शक्यतांपैकी फक्त एकीत एकटा ‘स’ असतो. म्हणून प्रमाण ५:१ पर्यंत जाऊ शकतं. प्रत्यक्षात जादाचं गुणसूत्र हरवतं तितकं ते खाली, २:१ कडे सरकतं. स्वतःच्याच परागकणांनी दाणे धरले, तर नेहमीच्या ३:१ च्या जागी सुरकुतलेला दाणा आणखी दुर्मीळ होतो, नऊ ते अठरा दाण्यांत एखादा.

१९३१: सर्वात आखूड गुणसूत्राचा पत्ता लागला

हे सगळं कागदावर सोपं वाटतं. पण मॅक्लिंटॉक आणि हेन्री हिल यांनी १९३१ मध्ये ‘जेनेटिक्स’ या नियतकालिकात जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात हाताळलेला गुण जास्त किचकट होता. दाण्याच्या सालीखाली पेशींचा एक पातळ थर असतो. त्यात जांभळट-लाल रंग येतो तो एका जनुकाच्या जिवावर नाही. ए, सी आणि आर अशी नावं दिलेली तिन्ही जनुकं प्रभावी रूपात हजर असावी लागतात, एकही नसलं तर दाणा बिनरंगी. म्हणजे ‘आर’ची वाटणी मोजायची तर बाकीची दोन आधीच पक्की करून घेतलेली झाडं लागतात. नाहीतर बिनरंगी दाणा नेमका कोणामुळे आला, तेच कळायचं नाही.

‘आर’ जनुक आणि झाडाला सोनेरी छटा देणारं ‘जी’ जनुक एकत्र पुढे जातात, हे संकरांतून माहीत होतं. दोघांनी सर्वात आखूड गुणसूत्र तीनदा आलेली झाडं घेतली आणि प्रमाण पाहिलं. ते बिघडलेलं निघालं. ‘आर-जी’ गटाचा पत्ता ठरला, गुणसूत्र क्रमांक १०.

त्याच वर्षी मॅक्लिंटॉक यांनी हॅरिएट क्रेटन यांच्यासोबत क्रमांक ९ च्या गुणसूत्रावर आणखी एक मोठा शोध लावला. जनुकांची अदलाबदल होते तेव्हा गुणसूत्रांचे तुकडेही खरोखर अदलाबदल होतात, हे त्यांनी डोळ्यांनी दिसेल असं दाखवलं. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण दाणे मोजणारे आणि सूक्ष्मदर्शकात पाहणारे हात एकाच व्यक्तीचे असले की काय होतं, ते यातून दिसतं.

पुढच्या काही वर्षांत ट्रायसोमिक झाडं आणि तुकडे अदलाबदल झालेली गुणसूत्रं, अशा दोन्ही वाटांनी दहाही गट दहा गुणसूत्रांना जोडले गेले. १९३५ मध्ये इमर्सन, बीडल आणि फ्रेझर यांनी मक्याच्या सहलग्न गटांचा एकत्रित आढावाच छापला.

धोतरा, टोमॅटो, बाजरी

ट्रायसोमिक झाडांची कल्पना मुळात मक्यातून आलेली नाही. ती आली धोतऱ्यातून. महादेवाला वाहतात त्या काटेरी फळाच्या धोतऱ्याच्याच कुळातल्या एका जातीवर अल्बर्ट ब्लेक्सली अमेरिकेत काम करत होते. धोतऱ्यात गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात, आणि त्यांना १२ वेगवेगळी विचित्र झाडं सापडली. प्रत्येकाच्या फळाचा आकार निराळा, कुणाचं गोल, कुणाचं लांबट. मक्यासारखी ओळखण्याची अडचण नाही, नुसत्या फळावरून कळायचं की कुठलं गुणसूत्र जादा आहे.

नाशिक जिल्ह्याच्या दृष्टीने आणखी दोन पिकं सांगायलाच हवीत. टोमॅटोच्याही १२ जोड्या. त्याचे ट्रायसोमिक प्रकार चार्ल्स रिक आणि बार्टन यांनी १९५४ मध्ये ओळखून मांडले. आणि बाजरी, गुणसूत्रांच्या फक्त ७ जोड्या. तिची ट्रायसोमिक झाडं १९७० च्या सुमारास लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात तयार करून अभ्यासली गेली.

ही पद्धत कुठे कमी पडते?

ट्रायसोमिक झाड तालुका सांगतं, गट नंबर सांगत नाही. जनुक क्रमांक ४ वर आहे एवढं कळतं, पण त्या लांबलचक गुणसूत्रावर नेमकं कुठे, ते कळत नाही. त्यासाठी शेजारच्या जनुकांशी ते किती वेळा एकत्र जातं, हे पुन्हा संकर करून मोजावं लागतं. जनुक गुणसूत्राच्या मधल्या सांध्यापासून फार दूर असेल, तर २:१ चं प्रमाणही थोडं इकडेतिकडे होतं. पुढे १९४७ मध्ये हर्शेल रोमन यांनी मक्यात गुणसूत्राचा अर्धा तुकडाच कमी-जास्त करता येईल अशी पद्धत आणली, त्यामुळे जनुक गुणसूत्राच्या कुठल्या बाजूला आहे तेही सांगता येऊ लागलं. आज डीएनएवरच्या खुणा वाचून हे काम फार लवकर होतं, त्यामुळे नवं जनुक शोधायला ट्रायसोमिक झाड कोणी सहसा लावत नाही.

मग शेतकऱ्याला याचा उपयोग काय झाला?

थेट असा नाही, हे आधी मान्य करू. ट्रायसोमिक मका कोणाच्या शेतात पिकवायचा नसतो. पण पैदासकाराला एखादा गुण एका वाणातून दुसऱ्यात न्यायचा असतो, तेव्हा तो गुण कुठे बसलाय हे माहीत असेल तर वर्षं वाचतात.

प्रथिनांचं उदाहरण घ्या. साध्या मक्याच्या प्रथिनांत लायसिन आणि ट्रिप्टोफॅन हे घटक कमी असतात. ज्या घरात मका हेच मुख्य अन्न असतं, तिथे मुलांच्या वाढीवर याचा परिणाम होतो. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात कळलं की ‘ओपेक-२’ नावाच्या जनुकाचं एक अप्रभावी रूप लायसिन बरंच वाढवतं. हे जनुक गुणसूत्र क्रमांक ७ वर आहे. पण त्याच्यासोबत दाणा मऊ आणि खडूसारखा व्हायचा, वजन कमी भरायचं, कीड लागायची. कोण पिकवणार? मेक्सिकोतल्या आंतरराष्ट्रीय मका आणि गहू संशोधन केंद्रात सुरिंदर वासल आणि एव्हान्जेलिना व्हिएगास यांनी अनेक वर्षं खपून दाणा पुन्हा टणक केला. २००० सालचा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. पुढे अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी अनुसंधान संस्थेने आधीच चालत असलेल्या एका संकरित वाणात हे जनुक डीएनएच्या खुणांवर नजर ठेवून उतरवलं. ‘विवेक क्यूपीएम ९’ हा तो वाण २००८ मध्ये आला. कुठल्या खुणेवर नजर ठेवायची, हे पत्ता माहीत असल्याशिवाय ठरवता येत नाही.

आपल्याकडे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं मका सुधारणेचं काम कोल्हापूरच्या केंद्रात चालतं.

ट्रायसोमिक मक्याचं बी अजूनही जपलं जातं. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या अर्बाना इथे मक्याच्या जनुकीय वाणांची बँक आहे, तिथून संशोधकांना ते मिळतं. फक्त एक कटकट आहे. या झाडाचं बी धरून पेरलं, तर निम्म्याहून जास्त झाडं साधी, २० गुणसूत्रांचीच निघतात. म्हणून दर वेळी पेरा, उगवलेल्या रोपांची मुळं किंवा कोवळे तुरे काढा, गुणसूत्रं मोजा आणि २१ वाली तेवढी ठेवा.